सुमेधाबाईंचं वाढतं वाण

रहाटणीच्या हरितविहार सोसायटीत सुमेधा करंदीकरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि ओळखत असूनही आपण होऊन त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरेल असा तर एकही नाही. कारण दार बंद झालं की बाई विचारत, "ओल्या कचऱ्यात चिप्सचं पाकीट कुणी टाकलं हो?" आणि पुढचे सगळे मजले माणसाला पळायला जागा नसे. बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नव्हतं. यजमान सुरेंद्रराव पिंपरीतल्या एका कंपनीत जन्मभर क्वालिटी कंट्रोलला होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेत होते. घरी हे खातं बाईंकडे होतं आणि ते त्या बिनपगारी सांभाळत.

बाईंचा सगळ्यात लाडका शत्रू म्हणजे जलपर्णी. उन्हाळा आला की पवनेवर तिची हिरवी सतरंजी पसरते, डास होतात, वास सुटतो आणि बाईंचं वर्तमानपत्रात पत्र येतं. 'आणखी किती काळ झोपणार?' या मथळ्याखाली त्या लिहीत. कोण झोपलंय हे पत्रात कधी स्पष्ट नसे, पण आपण नाही एवढं वाचणाऱ्याला नक्की कळे. आता ही जलपर्णी बाईंनी पाहिली होती कुठून, तर पुलावरून, गाडीतून, काच वर करून. डास आत येतात ना! त्या काचेतून जेवढं हिरवं दिसलं तेवढ्यावर बाईंचा अभ्यास झाला होता.

त्या वर्षी मार्गशीर्षात त्यांच्या मिहिरचं लग्न झालं. मुलगी रुपाली त्याच्याच ऑफिसातली, चाकण ओलांडून राजगुरुनगरच्या अलीकडच्या एका गावातल्या सांडभोरांची. गावातली बरीचशी जमीन कंपन्यांनी घेतली, तशी सांडभोरांचीही गेली. रुपालीचे वडील मालोजी यांनी घर, घरामागचा तुकडा आणि पायऱ्यांची विहीर तेवढी राखली. विहिरीसाठी चांगला भाव येत होता म्हणे, पण मालोजी म्हणाले की बाकी सगळं घ्या, हिला हात लावू नका. ते रोज सकाळी त्या विहिरीत पोहत. गावातली निम्मी माणसं त्यांनीच पाठीला भोपळा बांधून तिथं पोहायला शिकवली होती.

लग्नात सुमेधाबाईंनी सगळ्यांना बजावून सांगितलं की मुलाकडचे-मुलीकडचे असलं काही आमच्यात नाही हं. हे त्यांनी विहिणीच्या पंगतीत, चांदीच्या ताटात, दुसरी जिलबी घेताना सांगितलं. रुपालीची आई अंबूबाई ताटाशी उभी राहून वारा घालत होती. तिनं मान डोलावली.

मग आली संक्रांत. आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांची रीघ लागते आणि प्रत्येक घरी काही ना काही वाण लुटतात. साबणाची डबी, प्लॅस्टिकची चाळणी आणि मुख्य म्हणजे चहाची गाळणी. मागच्या साली करंदीकरांच्या घरी सात गाळण्या आल्या होत्या. सुनेचं पहिलं हळदीकुंकू, हलव्याचे दागिने, घर भरून बायका येणार, आणि आपण काय द्यायचं, तर गाळणी? बाईंना ते विचारानंच सहन होईना.

"मी यंदा जिवंत वाण देणार," त्यांनी जाहीर केलं.

सुरेंद्ररावांनी पेपर खाली घेतला. "म्हणजे कोंबडी?"

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग त्या काळेवाडीच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेल्या. तिथं रोहिदास नावाचा माणूस दर आठवड्याला मिळेल ते विकायचा. त्याच्याकडे एका टबात एक वनस्पती तरंगत होती. गोलसर चकचकीत पानं, फुगीर देठ आणि वर फिकट जांभळ्या फुलांचा तुरा. वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा डोळा, मधे पिवळा ठिपका. बाईंचा जीव जडला.

"निळं कमळ आहे मॅडम," रोहिदास म्हणाला. "माती नको, खत नको. ऊन आणि पाणी, बास. मरणारच नाही."

पहिलं वाक्य सोडलं तर बाकी सगळं तो शंभर टक्के खरं बोलला.

हळदीकुंकवाला बाईंनी मातीच्या वाडग्यात पाणी घालून प्रत्येकीला एक-एक रोप दिलं. हलव्याचे दागिने घालून रुपाली बसली होती, ती राहिली बाजूला, सगळ्या बायका वाडगे बघत होत्या. बाईंनी छोटंसं भाषणही केलं. शिक्षिकेच्या घरी हळदीकुंकू म्हटल्यावर भाषण चुकत नाही.

"गाळणी काय हो, दिली तेवढीच राहते," त्या म्हणाल्या. "वाण असं द्यावं की ते वाढलं पाहिजे."

अंबूबाई गावाहून आली होती. तिनं पदर पसरून वाडगा घेतला आणि एसटीत मांडीवर धरून, पाणी सांडू न देता गावी नेला.

आणि वाण वाढलं. आठ-दहा दिवसांत एका रोपाला दोन-दोन पोरं झाली. आता बायका काही कमी हुशार नसतात. रथसप्तमी व्हायची होती, बऱ्याच जणींची हळदीकुंकवं बाकी होती, आणि घरात आयतं वाण, तेही पर्यावरणाचं! तळमजल्यावरच्या शालनबाईंनी तेच रोप आपल्याकडच्या बायकांना दिलं. त्यांतल्या एकीनं कासारवाडीला नणंदेकडे पोचवलं. नणंदेनं तिच्या बिल्डिंगमध्ये वाटलं. एखादं साम्राज्य वाढवायला लोकांना तलवारी लागतात, सैन्य लागतं. इथं हळदीकुंकवाची कुयरी आणि तिळगुळाचा डबा एवढ्यावर काम झालं. कुणी बाल्कनीत टब आणले, कुणी सोसायटीच्या कारंज्यात रोपं सोडली. कारंजं पंधरा दिवसांत बंद पडलं, पण ते आधीही फारसं चालू नसायचं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाई जातील तिथं बायका सांगत, "तुमचं वाण काय वाढलंय हो!" बाई मान खाली घालून हसत. मोठेपण पचवायला जड जातं, पण त्या पचवत होत्या.

एप्रिलमध्ये नदी वाचवण्यासाठी पुलावर मानवी साखळी ठरली. पुढाकार कुणाचा, हे सांगायला नको. बाई पांढरी साडी, हिरवी टोपी घालून सकाळी हजर. या वेळी मात्र काच वर करायला गाडी नव्हती. मिनल नावाची वनस्पतिशास्त्राची तरुण प्राध्यापिका माहिती द्यायला आली होती. तिनं नदीतून ओढून काढलेलं एक रोप उचललं आणि मोठ्या मानानं सुमेधाबाईंच्या हातात दिलं.

"मॅडम, जरा उंच धरा. सगळ्यांना दिसू दे, आपला शत्रू कसा आहे ते."

बाईंनी रोप उंच धरलं. मग त्यांची नजर वर गेली. गोलसर चकचकीत पानं, फुगीर देठ, फिकट जांभळ्या फुलांचा तुरा, पाकळीवर मोराच्या पिसाचा डोळा. आणि मधे पिवळा ठिपका.

"ही मूळची दक्षिण अमेरिकेतली," मिनल माइकवर सांगत होती. "गंमत म्हणजे ही जगभर कुणी शत्रूनं नाही पसरवली. फूल सुंदर दिसतं म्हणून हौशी लोकांनीच नेली, तळ्यात लावली, एकमेकांना भेट दिली. एकदा पाण्यात सुटली की मग..."

पुढचं बाईंना ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला. हातात जलपर्णी, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. खाली ओळ होती, 'नदीची अवस्था पाहून व्यथित झालेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्या'. इतका खरा फोटो त्यांचा कधीच आला नव्हता.

घरी येऊन बाईंनी फोन हातात घेतला. झालं ते झालं, चूक सुधारावी, एवढं त्यांना कळत होतं. फक्त चूक कबूल न करता ती कशी सुधारावी, हा प्रश्न होता. त्यांनी शालनबाईंना सांगितलं की त्या रोपात डास होतात, काढून टाका.

"अहो, मी कधीच काढलं," शालनबाई म्हणाल्या. "टबात मावेना. पण सौभाग्याचं वाण कचऱ्यात कसं टाकायचं? नदीत सोडून आले. हळदकुंकू वाहून, नमस्कार करून."

दुसरीनंही नदीतच सोडलं होतं. तिसरीनं गावच्या तळ्यात. चौथी म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना, निसर्गाचं निसर्गाला परत द्यावं?" बाईंनी फोन ठेवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे त्यांनी फळ्यावर कितीदा लिहिलं होतं. पुढची ओळ त्यांना त्या रात्री आठवत राहिली.

सकाळी चहा पिताना त्यांनी सुनेला सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, आईकडचं ते रोप आहे का अजून?"

रुपालीनं कप खाली ठेवला. "आहे ना. आईनं विहिरीत सोडलंय. छान वाढलंय." आणि तिनं फोनवरचा फोटो दाखवला. विहीर होती, पायऱ्या होत्या, काठ होता. पाणी कुठंच नव्हतं. काठापासून काठापर्यंत नुसतं हिरवं. खाली अंबूबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'इहीनबाईंचं वाण लई फळलं'.

रविवारी करंदीकर निघाले. मिहिरला शिफ्ट होती, म्हणून सुरेंद्रराव, बाई आणि रुपाली. चाकणच्या चौकात गाडी अडकली, म्हणजे रोजच्यासारखीच अडकली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि मधे बाई मनात बेत करत होत्या. कमळाला जागा बदल हवा असतो, म्हणून नेतोय, असं म्हणायचं. किंवा कीड लागलीय. शब्द शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, तरी एकही शब्द धड सापडेना.

पोचले तेव्हा मालोजी विहिरीच्या काठावर बसले होते. खांद्यावर पंचा, अंग कोरडं. सवयीनं माणूस जिथं रोज जातो तिथं जाऊन बसतो, तसे बसले होते. त्यांनी उठून पाहुण्यांना रामराम केला.

"पोहणं झालं का?" सुरेंद्ररावांनी विचारलं.

"आता नळावर करतो आंघूळ," मालोजी म्हणाले. "वय झालं."

बाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं. मोटारीचा पाइप त्या हिरव्यात कुठं तरी खाली गेला होता. एक कुत्रं पायरीवर उभं राहून त्या हिरव्या गालिच्यावर पाय ठेवावा की नाही याचा विचार करत होतं. फुलं भरपूर आली होती, आणि दिसत होती सुंदर, हे नाकारता येत नव्हतं.

मालोजी चहाचं बघायला आत गेले तशा बाई अंबूबाईकडे वळल्या. "अहो, एवढं माजेपर्यंत काढलं का नाही?"

"कसं काढनार?" अंबूबाई म्हणाली. "लेकीच्या सासरचं वाण हाय."

"पण त्यांचं पोहणं बंद झालं ना?"

"व्हय, झालं. ह्ये पयल्याच महिन्यात म्हनलं, ही तर नदीतली घाण दिसती. म्या म्हनलं, गप बसा. शिकल्याल्या बाईनं हौसंनं दिलंय, तिला कळत न्हाई व्हय? आन् आपन नावं ठिवली, ती तिकडं गेली, तर पोरीला जड जायचं." तिनं पदरानं हात पुसले. "पवायचं काय, न्हाई पवलं तर मानूस मरत न्हाई."

रुपाली तिथंच उभी होती. तिनं खाली पाहिलं.

बाईंना लाज वाटली. पुलावर वाटली होती ती निराळी. ती आपलं नाव जाईल म्हणून वाटली होती. ही मालोजींचं कोरडं अंग आठवून वाटली. या माणसानं कंपन्यांना नाही म्हटलं होतं, भाव वाढवून देणाऱ्या दलालांना नाही म्हटलं होतं. जी विहीर त्यानं कुणाला दिली नाही, ती आपण एका मातीच्या वाडग्यात बसवून घेतली, आणि त्यानं हूं की चूं केलं नाही. का, तर आपण मुलाची आई. आपली सून आपल्याला कधी उलटून बोलत नाही, प्रत्येक गोष्टीला छान म्हणते, याचं त्यांनी सोसायटीभर कौतुक सांगितलं होतं. ते छान कशाचं बनलेलं होतं ते आता समोर हिरवंगार पसरलं होतं.

"अंबूताई," त्या म्हणाल्या, "ही नदीतली घाणच आहे. कमळ नाही. मला कळलं नाही, आणि मी दिली. त्यांचं बरोबर होतं."

बाईंनी चपला काढल्या, साडी खोचली आणि पायऱ्या उतरायला लागल्या. आयुष्यात पेन आणि पुलावरचं ते एक रोप सोडलं तर त्यांनी नदीसाठी काही उचललं नव्हतं. पहिला झुबका ओढला तो हातभर लांब काळ्या मुळांसकट आला, आणि त्याच्यामागं दुसरा, कारण ही सगळी पोरं एकमेकांना धरून असतात. तिसऱ्या झुबक्याला बाई घसरल्या आणि पायरीवर पाण्यात फतकल मारून बसल्या.

"ऱ्हाऊ द्या इहीनबाई, मानसं लावू," मालोजी धावत आले.

"माणसं कशाला, मीच लावलीय," बाई म्हणाल्या आणि बसल्या जागेवरून ओढत राहिल्या.

मग सगळेच उतरले. रुपालीनं सलवार दुमडली, अंबूबाईनं काष्टा मारला, मालोजींनी आकडा लावलेला बांबू आणला. सुरेंद्रराव काठावर उभे राहून निघालेला माल तपासत होते. "सुमेधा, हे मूळ तुटलंय. तुकडा आत राहिला. रिजेक्ट." जन्मभर घरात तोंड मिटून बसलेल्या क्वालिटी कंट्रोलला अखेर संधी मिळाली होती. बाईंनी ती मिळू दिली.

ऊन कलेपर्यंत काठावर मोठा ढीग झाला, आणि विहिरीत बाजेएवढं पाणी मोकळं झालं. काळं, गार, स्वच्छ. मालोजी त्या पाण्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी सदरा काढून पायरीवर ठेवला आणि तेवढ्याशा पाण्यात उतरले. दोन हात मारले की भिंत लागत होती. तरी ते बराच वेळ पोहले, आणि कुणी त्यांना बाहेर या म्हटलं नाही.

परतताना गाडीत रुपाली मागच्या सीटवर ओल्या कपड्यांत बसली होती. चाकणचा चौक आला तशी ती म्हणाली, "आई, एक सांगू? मला बिनसाखरेचा चहा अजिबात आवडत नाही."

"मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, तब्येतीला चांगला असतो."

दुसऱ्या दिवशी बाईंनी साखरेचा डबा ओट्यावर पुढं आणून ठेवला.

हे एका रविवारात संपणारं प्रकरण नव्हतं. राहिलेला तुकडा फुटतो, तळाला बी असतं, ते वर्षानुवर्षं वाट बघतं. म्हणून करंदीकर दर दुसऱ्या रविवारी गावी जाऊ लागले. सोसायटीत बाईंनी स्वतः सगळ्यांना खरं काय ते सांगितलं, कारंजं साफ करून घेतलं आणि पुढचे काही महिने लिफ्टमध्ये लोकांनी त्यांना भरपूर प्रश्न विचारले. दार बंद झाल्यावरच विचारत. वर्तमानपत्रात त्या वर्षी त्यांचं पत्र आलं नाही. विहीर दिवाळीच्या सुमाराला पूर्ण मोकळी झाली. तरी रविवार काही थांबले नाहीत. मालोजी बाईंना पोहायला शिकवायचं म्हणत होते आणि बाई या वयात कुठं म्हणत होत्या, पण हे म्हणायला त्या दर वेळी पायरीपर्यंत जात होत्या.

पुढची संक्रांत आली. बाईंनी यंदा भाषण केलं नाही. तिळगुळाच्या पुड्या दिल्या आणि गप्प बसल्या. अंबूबाई गावाहून आली होती. बायकांची गर्दी ओसरल्यावर तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली, बाईंना हळदकुंकू लावलं आणि ती त्यांच्या पदरात घातली.

बाईंनी कागद उलगडला. स्टीलची, लांब दांड्याची, चहाची गाळणी.

"घ्या इहीनबाई," अंबूबाई म्हणाली. "ही वाढत न्हाई."